पहिलं वेल्डिंग मशीन: आधी पाइपाची जाडी मोजा, मग अँपिअर

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळ स्वतःच्या बैठ्या घरात राहणारे एक वाचक लिहितात. वय ५५, सहकारी बँकेत नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं. लोखंडी कामाची आवड पहिल्यापासून, पण आयुष्य खातेवह्यांत गेलं. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकायचं आहे. कुंड्यांचे स्टँड, वेलींसाठी मांडव, गेटची निखळलेली बिजागरी आणि अंगणात ठेवायला झोपाळ्याची चौकट, एवढं मनात आहे. बजेट वीस हजार. दुकानदार म्हणतो, २५० अँपिअरचं 'थ्री इन वन' घ्या, पुन्हा बघायला नको. उद्यमनगरात फॅब्रिकेशन करणारा मित्र म्हणतो, जुनं तेलाचं मशीन उचल, ते कधी मरत नाही. भाच्याने व्हिडिओ दाखवून गॅसलेस मिग, म्हणजे गॅसशिवाय तारेने वेल्डिंग करणारं मशीन, सुचवलं आहे. सौ.चा मुळातच विरोध: 'डोळे घालवून बसाल, घर पेटवाल. कोपऱ्यावर फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून करून आणा.' वाचकांचा प्रश्न असा: पैसे एकदाच घालायचे आहेत, चुकायला नको, तर कोणतं मशीन घेऊ? आणि घरी काम केलं की पैसे वाचतात, हे सौ.ला कसं पटवू?

नमस्कार.

तुमच्या पत्रात तिघांची मतं सविस्तर आहेत आणि तुम्हाला काय बनवायचंय ते एका ओळीत उरकलंय. मी उलटं केलं, ती एक ओळ धरून बसलो. कुंड्यांचा स्टँड म्हणजे बहुधा पाऊण किंवा एक इंची चौकोनी पाइप, १६ किंवा १८ गेजचा. म्हणजे भिंतीची जाडी १.६ किंवा १.२ मिलिमीटर. मांडवालाही तेच. गेटची बिजागरी पाच-सहा मिलिमीटरच्या पट्टीवर बसते. झोपाळ्याला तीन मिलिमीटरहून जाड भिंतीचा पाइप हवा. म्हणजे सव्वा ते सहा मिलिमीटर, आणि सगळं साधं लोखंड. या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, आणि त्यात २५० हा आकडा कुठेच येत नाही.

अँपिअर जास्त म्हणजे मशीन चांगलं, हा समज दुकानात फार जपला जातो, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेवढंच छापता येतं. पण तुमचं काम अडीच मिलिमीटरच्या रॉडने होणार आहे, ज्याला बाजारात १२ गेज म्हणतात. तो ६० ते ९० अँपिअरवर चालतो. जाड पट्टीला ३.१५ चा रॉड लावलात तरी १००-१२० च्या वर जायचं कारण नाही. पातळ पाइपाला दोन मिलिमीटरचा रॉड, तो तर ४०-५० वर. तुमची अडचण कमी करंटवर होणार आहे. १८ गेजच्या पाइपाला भोक न पाडता ४५ अँपिअरवर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ठिणगी, टिकवून धरणं हे नवशिक्याला जड जातं, आणि स्वस्त मोठी मशीनं नेमकी तिथेच अडखळतात. तेव्हा मशीन वर किती जातं यापेक्षा खाली किती शांतपणे चालतं, हे विचारा.

शिवाय घरात वीज किती येते तेही बघा. हिशेब सोपा आहे. ८० अँपिअरवर आर्कचा दाब साधारण २३ व्होल्ट असतो, म्हणजे १.८५ किलोवॅटच्या आसपास. मशीनमधली गळती धरली की सव्वादोन. साधी इन्व्हर्टर मशीनं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी हलकी मशीनं, वीज थोडी ओबडधोबड ओढतात, त्यामुळे २३० व्होल्टवर १३-१४ अँपिअर जातात. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट हे सोसतो. तेच १२० वर गेलात की वीस-बावीस अँपिअर लागतात, म्हणजे तो पॉइंट पुरत नाही. २०० वर तर चाळिशी गाठते. आता महावितरणचं बिल काढा, त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर २५० चं मशीन घरात आणून तुम्ही ते ९० वरच चालवणार आहात. इलेक्ट्रिशियनकडून शेडसाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते मोजून. घरातली एक्स्टेन्शन बोर्डाची बारीक वायर यासाठी नाही. जाड वायरचं रीळ वापरलंत तरी ते पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेलं तापतं.

आता तिघांची मतं बघू, कारण कुणीही मूर्खपणाचं बोललेलं नाही.

तुमचा मित्र त्याच्या जागी बरोबर आहे. तेलाच्या मशीनमध्ये तांब्याचे वेढे आणि तेल, बिघडायला आहेच काय? बिघडलं तरी रिवाइंडिंगवाला दुरुस्त करतो. पण ते तीन माणसांनी उचलायचं धूड आहे, त्याच्या वर्कशॉपला औद्योगिक जोडणी आहे आणि त्याचा हात वीस वर्षं चाललेला आहे. घरच्या सिंगल फेजवर ते लावलंत की आर्क पेटवताना शेजाऱ्यांचे दिवे मान टाकतील. शिवाय ते एसी देतं. डीसी इन्व्हर्टरची स्थिर आर्क नवख्याला जेवढी सांभाळून घेते, तेवढी ती घेत नाही.

भाच्याचं गॅसलेस मिग हा खरा विचार करण्यासारखा पर्याय आहे. तारेच्या पोटात फ्लक्स, म्हणजे जोडाला हवेपासून जपणारी पूड, भरलेला असतो, त्यामुळे सिलिंडर लागत नाही. बंदुकीचा घोडा दाबला की तार येते. रॉड चिकटण्याची कटकट नाही, पातळ पाइपाला सोपं, उघड्यावर वाऱ्यातही चालतं. मग अडचण काय? तार रॉडपेक्षा बरीच महाग, कोल्हापुरात मिळेल पण तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये हमखास मिळेल असं नाही. उघडून ठेवलेली तार आपल्या पावसाळ्यात गंजते, आणि गंजलेली तार लायनरमध्ये, म्हणजे बंदुकीपर्यंतच्या नळीत, अडकते. शिंतोडे भरपूर उडतात. शिवाय फ्लक्सच्या तारेला बंदूक ऋण टोकाला जोडावी लागते आणि गॅसच्या साध्या तारेला धन टोकाला. काही स्वस्त मशीनांत ही अदलाबदल करताच येत नाही. हे विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही फक्त पातळ पाइपाचं फर्निचर करणार असतात, किंवा गाडीचा पत्रा, तर मी भाच्याच्या बाजूने बोललो असतो. तुमच्या यादीत बिजागरी आणि झोपाळा आहे, म्हणून नाही.

राहिला 'थ्री इन वन'. यात रॉड, मिग आणि टिग असं तिन्ही येतं. टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात करायचं वेल्डिंग. ग्राहकाला वाटतं, टिग आहे म्हणजे उद्या अॅल्युमिनियमही जोडू. या किमतीतलं टिग डीसी असतं आणि अॅल्युमिनियमला एसी टिग लागतं, ते मशीन वेगळंच आणि किंमतही वेगळीच. डीसी टिगने स्टेनलेस स्टील सुरेख होतं, पण त्यासाठी आर्गॉनचा सिलिंडर, रेग्युलेटर, टंगस्टन, आणि दोन्ही हातांनी दोन कामं करायची सवय. तीन यंत्रं एका डब्यात भरताना पैसे तिघांत वाटले जातात, हेही ध्यानात असू द्या.

'एकदाच घ्यायचं, चुकायला नको' यावर थोडं थांबतो. बँकेत हा स्वभाव कामाचा असतो. इथे त्याच्यामुळे माणूस दहा वर्षांनंतर करेल न करेल अशा कामासाठी आज पैसे भरतो. तुम्हाला दोन वर्षांनी कशाची गोडी लागेल हे आज ना तुम्हाला माहीत, ना मला. कदाचित स्टेनलेसची लागेल, कदाचित लाकडाकडे वळाल. लहान इन्व्हर्टर मशीन चालू स्थितीत असलं तर विकायला त्रास पडत नाही, घेणारे शेतकरी आणि प्लंबर गावोगाव आहेत. मग पहिल्याच खरेदीत सगळं आयुष्य कोंबायचं कशाला?

तेव्हा माझं उत्तर: आयजीबीटी (आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा एक प्रकार) असलेलं, २०० अँपिअर लिहिलेलं साधं रॉडचं इन्व्हर्टर मशीन, सहा ते नऊ हजारांतलं. २०० अशासाठी की त्याला ९० वर दम लागत नाही. खोक्यावर 'ड्यूटी सायकल' बघा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती, तीही ४० अंश तापमान धरून. स्वस्तातल्या मशीनांचे हे आकडे मी अर्ध्यावर आणूनच वाचतो. 'हॉट स्टार्ट' आणि 'अँटी स्टिक' असावं. पहिल्याने रॉड पेटायला मदत होते, दुसऱ्याने चिकटलेला रॉड लाल व्हायच्या आत करंट पडतो. तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर मशीन किती खाली चालतं तेही विचारा. सोबत येणाऱ्या केबली बऱ्याचदा आखूड आणि बारीक असतात. अर्थ क्लॅम्प, म्हणजे कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा, डुगडुगता असेल तर दोनशे-तीनशे रुपयांत पितळी घ्या, निम्म्या 'आर्क नीट लागत नाही' तक्रारी तिथेच मिटतात. आणि मशीन ग्राइंडरपासून दूर ठेवा. आतला पंखा लोखंडी भुकटी ओढून सर्किटच्या कार्डावर बसवतो. वापरून झालं की झाका, पाली आत शिरून कार्ड जाळतात हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

मशीनवर आठ गेले, आता उरलेल्या बाराकडे या. लोक इथे हात आखडतात, आणि मग कंटाळून मशीन माळ्यावर जातं. वेल्डिंगच्या कामात प्रत्यक्ष वेल्डिंग मिनिटांचं असतं. कापणं, कानस मारणं, गुण्यात बसवणं आणि घासणं तासांचं. चार इंची ग्राइंडर चांगल्या कंपनीचा घ्या. त्याचं गार्ड काढू नका. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर गार्ड काढून मोठी चकती लावतो, ते बघून शिकायचं नाही. चार सी-क्लॅम्प, एक गुण्या, एक बऱ्यापैकी व्हाइस, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश. चौकट केली की दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले की मगच पक्कं वेल्डिंग. टाके, म्हणजे छोटे तात्पुरते जोड, आधी चारही कोपऱ्यांना, समोरासमोर. एका कोपऱ्यापासून सलग करत सुटलात तर चौकट पिळवटते आणि ती सरळ करणं नवी करण्यापेक्षा जिकिरीचं.

आता सौ.चं म्हणणं. तुम्ही 'कसं पटवू' असं विचारलंय, जणू त्यांचं चुकतंच आहे. मला तर त्यांच्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य दिसतं.

डोळ्यांचं आधी. आर्कचा अतिनील प्रकाश बुबुळाला उन्हासारखा भाजतो. त्या क्षणी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण त्या रात्री बटाट्याचे काप किंवा दुधाच्या घड्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालणं तर घातकच. रस्त्यावरचे कारागीर काळा गॉगल लावून करतात, तो पुरत नाही. ऑटो डार्कनिंग हेल्मेट घ्या, म्हणजे आर्क लागताच ज्याची काच आपोआप काळी होते असं, दीड-दोन हजारांत येतं. तुमच्या करंटला १० नंबरची काच योग्य. त्याचा खरा फायदा असा की आर्क लागण्याआधी जोड दिसतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान झटकून काच पाडावी लागत नाही. स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, फोडताना आणि ग्राइंडर चालवताना पारदर्शक चष्मा वेगळा, कारण गरम खपली उडते ती हेल्मेट वर केल्यावरच. शेडच्या उघड्या बाजूला प्लायवूडचा आडोसा करा. गल्लीतली पोरं ती निळी ठिणगी बघायला जमणारच, आणि त्यांच्या डोळ्यांवर हेल्मेट नसतं.

धुराचं कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात घातला, म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो याला पुरेसा पुरावा आहे. महिन्यातून चार रविवार करणाऱ्याचा धोका रोज आठ तास करणाऱ्याएवढा नाही, पण बंद शेडमध्ये करायचं नाही एवढं पक्कं. दोन बाजू उघड्या, पंखा तुमच्या पाठीकडून हलका, आणि डोकं धुराच्या लोटात नाही. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप तर सुरुवातीला घेऊच नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. कारागीर यावर गूळ आणि दूध सांगतात. गूळ चांगलाच असतो, पण तो धूर अडवत नाही. काळा पाइप मागा आणि नंतर रेड ऑक्साइड व रंग मारा.

आगीचं म्हणाल तर शेडमध्ये काय काय ठेवलंय ते एकदा त्यांच्याबरोबर उभं राहून बघा. दुचाकी, थिनरचा डबा, पोती, वाळलेला पालापाचोळा. ठिणगी सहज दोन-तीन मीटर जाते आणि पोत्यात तासभर धुमसू शकते. काम संपल्यावर तासभर तिथेच थांबायचं, हात धुऊन जेवायला जायचं नाही. वाळूची बादली आणि पाण्याची बादली दोन्ही ठेवा, पण वीज बंद केल्याशिवाय पाणी मारू नका. अंगावर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, चामड्याचे हातमोजे आणि बूट. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. चपलेवर वेल्डिंग नाही, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर नाहीच. रॉड होल्डरवर रिकाम्या वेळी ६०-८० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला कदाचित जाणवणार नाहीत, घामेजल्या हाताला जाणवतात. आणि कुणी कितीही गळ घातली तरी पेट्रोलची टाकी, तेलाचा पिंप किंवा आत काय होतं ते माहीत नसलेला ड्रम वेल्डिंगला घ्यायचा नाही. रिकाम्या दिसणाऱ्या ड्रममध्ये वाफ असते आणि ती स्फोटाला पुरते.

पैसे वाचण्याचं मात्र मी तुमच्या बाजूने बोलू शकत नाही. फॅब्रिकेटर कुंड्यांचा स्टँड ज्या भावात देईल, त्यात तुमचे पाइप, रॉड, चकत्या आणि रंग जेमतेम येतील. मशीनचे पैसे वसूल व्हायला फार स्टँड करावे लागतील, आणि एवढ्या कुंड्या आहेत का घरी? हा छंद आहे, तसाच सांगा. 'पैसे वाचवतोय' म्हणून मन वळवलंत तर पहिल्या वाकड्या स्टँडला हिशेब मागितला जाईल. कुणी गाण्याच्या क्लासला पैसे वाचवायला जात नाही. उलट, वीस हजारांपैकी हेल्मेट, वायरिंग आणि सुरक्षेच्या सामानावर किती खर्च करणार तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. त्यांची हरकत तुमच्या आवडीला नसावी, बेफिकिरीला असावी.

शिकायचं कसं? आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो, तो तुमच्यासाठी नाही. पण तुमचा मित्र आहे ना! त्याच्याकडे दोन रविवार जा, त्याचं मशीन, त्याचं भंगार, तुमचे रॉड. मशीन घेण्याआधीच. तिथे कंटाळा आला तर आठ हजार वाचले. रॉड ६०१३ नंबरचे घ्या, अॅडॉर, इसाब, डी अँड एच सेशरॉन असे नावाजलेल्या कंपनीचे. ७०१८ मजबूत म्हणून कुणी सुचवेल, पण तो ओल अजिबात सोसत नाही आणि भट्टीत तीनशे अंशांच्या वर वाळवावा लागतो. तुमच्या कामाला गरज नाही. ६०१३ देखील जूननंतर सर्दावतो, म्हणून पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सर्दावलेला रॉड फुरफुरतो आणि जोडात बारीक छिद्रं सोडतो.

आधी पाच मिलिमीटरच्या पट्टीवर नुसत्या रेघा ओढा. रॉडचं टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच वर, त्याहून नाही. आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आला की अंतर आणि वेग बरोबर. फटफट आवाज म्हणजे रॉड वर गेलाय. नजर ठिणगीवर नको, तिच्या मागे वितळलेल्या तळ्यावर ठेवा. पातळ पाइपावर येताना रॉड ऋण टोकाला जोडा, जोडात उष्णता कमी जाते. सलग ओढू नका, सेंटिमीटरभर करा, लाली जाऊ द्या, मग पुढे. भोक पडलंच तर काठावर टाके मारत भरता येतं, त्यासाठी पाइप फेकू नका.

झोपाळा शेवटी. स्टँड पडला तर कुंडी फुटेल, झोपाळ्यावर नातवंडं बसणार. झोका घेताना भार नुसत्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि तो एकाच जोडावर वर्षानुवर्षं हिसके देतो. आधी दोन-तीन स्टँड आणि एक बाकडं करा. भंगारातल्या तुकड्यांचे जोड व्हाइसमध्ये धरून हातोडीने तोडून बघा. जोडाच्या आधी शेजारचं लोखंड वाकलं तर हात तयार झाला. जोड सोलल्यासारखा सुटला तर वेल्डिंग वरवरच बसलंय, आत उतरलेलं नाही. मग झोपाळ्याची चौकट तुम्ही कापा, बसवा, टाके मारा, आणि वरच्या आडव्या पाइपाचे मुख्य जोड मित्राकडून भरून घ्या. त्यात कमीपणा नाही.

खरेदीला जाताना खिशात दोन मिलिमीटरचे चार रॉड आणि १८ गेज पाइपाचा वीतभर तुकडा ठेवा. मशीन दुकानातच लावून ४५ अँपिअरवर चालवून दाखवायला सांगा, मित्राला हातात घेऊ द्या. जीएसटीच्या बिलावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत दुरुस्ती कोल्हापुरातच होते की खोकं बांधून परगावी पाठवायचं, तेही तिथेच विचारा. 'घरी नेऊन लावा, चालतंच' असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा, कोल्हापुरात दुकानांना तोटा नाही.